किती पौंड हवा मारू, गुरुजी?

कॅमेरा लेकीला हवा होता, ही गोष्ट माझ्या लक्षातून सगळ्यात आधी निसटली.

साल २००९. थोरलीला परभणीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आमच्याकडं पोरगी परभणीला ‘अ‍ॅग्री’ला लागली की अख्ख्या भावकीला शेती कळायला लागते. ज्यांनी वावर बटईनं देऊन जमाना झाला, तेसुद्धा ओट्यावर येऊन ‘आता लाल्यावरचं औषध हिलाच इचारायचं’ असं ठरवून गेले. पुढच्या वर्गातल्या मुलींनी तिला सांगितलं होतं, की कीटकशास्त्र आणि वनस्पती रोगशास्त्राच्या वेळी स्वतःजवळ कॅमेरा असला तर बरं पडतं. कापसावरचा मावा एक-दोन मिलिमीटरचा. तो पानासकट डबीत घालून खोलीवर आणेपर्यंत पान मान टाकतं आणि मावा डबीच्या झाकणाला जाऊन बसतो. फोटो जागचा हलत नाही.

तिची मागणी एका ओळीची होती. ‘‘पप्पा, पानावरचा ठिपका नीट दिसला पाहिजे. आन् लई महागाचा नको.’’

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. एका वाक्यात उत्तर द्या, असा प्रश्न आला तरी समोरची पुरवणी भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय अंबाजोगाईत आमच्या गल्लीत खरेदीतला जाणकार म्हणून माझं नाव आहे. म्हणजे मी तसं समजतो. साडूंनी माझ्या सल्ल्यानं पिठाची गिरणी घेतली होती. यंत्र एक नंबर. फक्त ते थ्री फेजवर चालायचं आणि साडूंच्या घरात सिंगल फेज होतं. त्यात यंत्राचा काय दोष? ती गिरणी आजही त्यांच्या पडवीत आहे, तिच्यावर ते गाद्या ठेवतात, आणि टिकली किती बघा.

तर मी शंभर पानी वही घेतली. समास आखला. कुठल्याही पाठाची सुरुवात इतिहासापासून करायची म्हणून पहिल्याच पानावर लिहून काढलं : पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्र काळं-पांढरं, शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. हे मी संध्याकाळी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. सौ. भाकरी थापत होती. ती म्हणाली, ‘‘मग त्योच घ्या. साडेतीन किलोचा हे म्हंजी टिकंल.’’

लेक काही बोलली नाही. ती तेव्हापासूनच कमी बोलायला लागली होती.

मला इतका उत्साह कशाचा, हेही सांगून टाकतो. मी डी.एड.ला असताना खोलीतल्या एका पोराकडं आग्फा क्लिक थ्री होता. आपल्या देशातच, बडोद्याला बनायचा तो. रोलवर बारा फोटो यायचे, आणि ते बारा फोटो पुरवायला तो पोरगा महिनाभर आमच्याकडून भांडी घासून घ्यायचा. मी घरी कॅमेऱ्याचं नाव काढलं तेव्हा वडलांनी एवढंच विचारलं, ‘‘त्यो दूध किती देतो?’’ विषय तिथंच बंद पडला. तो २००९ मध्ये लेकीच्या नावानं पुन्हा उघडला.

मेव्हणा पिंपरीला कंपनीत. त्याला फोन लावला. ‘‘दाजी, मेगापिक्सल बघा. धाच्या खाली घ्यायचाच नाही.’’ मेगापिक्सल म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, ‘‘ते जास्त असलं की चांगलं असतं.’’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेत जाहीर केलं, की दहा मेगापिक्सलच्या खालचा कॅमेरा मी हातात धरणार नाही. एका गुरुजींच्या चुलतभावाकडं बाराचा होता. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बोली चौदापर्यंत गेली. तिथं बसलेल्यांपैकी एकाकडंही कॅमेरा नव्हता, त्यामुळं चर्चा मोकळेपणानं झाली.

शेवटी स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत गेलो. मालक लग्नाच्या ऑर्डरी घेणारा, पन्नाशीचा, फिल्मच्या जमान्यातला माणूस. त्यानं माझी वही बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘गुरुजी, फोटो केवढा काढून घ्यायचाय?’’

‘‘चार बाय सहा. पोस्टकार्ड साइज.’’

त्यानं एक लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठीवर हिशोब मांडला. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरायचे. चार इंचाला बाराशे, सहा इंचाला अठराशे. गुणाकार एकवीस लाख साठ हजार. ‘‘म्हंजी दोन मेगापिक्सलच्या वर थोडं. झाला तुमचा फोटो.’’

‘‘मग उरलेले आठ?’’

‘‘ते खोक्यावर छापायला.’’

मला गणित पटलं, पण एवढ्या स्वस्तात पटलेलं गणित मी कधी सोडत नाही. मी म्हणालो, जास्त असले तर नुकसान काय? तेव्हा त्यानं करंगळीचं नख दाखवलं. खिशातल्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारी जी काच असते ती याच्यापेक्षाही लहान, सहा मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर. ‘‘वावर तेवढंच, गुरुजी. भाऊ वाढीत चालले तर एकेकाच्या वाटणीला काय येणार?’’ वाटणी उजेडाची असते. दुपारी उन्हात कुणालाच कमी पडत नाही. पण दिवेलागणीला, घरात, झाडाच्या बुडाशी फोटो काढला की त्या बारक्या बारक्या वाटण्यांतून अंधार दिसायला लागतो आणि फोटोवर रवा सांडल्यागत होतं. सहा-आठच्या पुढं जाऊ नका, त्या पैशात भिंग चांगलं बघा, असं त्यानं सांगितलं.

हा सल्ला सोळा आणे खरा होता. मी तो वहीत लिहिला नाही. शाळेत दहा जाहीर करून बसलो होतो ना.

टिकाऊपणा या मुद्द्याला मात्र मी दोन पानं दिली. बीड जिल्ह्यात वस्तू टिकते म्हणजे काय, हे कंपनीवाल्यांना जपानात बसून कळायचं नाही. केजच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या वरच्या फळीवर ती टिकली पाहिजे. मे महिन्यातलं पत्र्याखालचं ऊन, गाडीमागचा फुफाटा, आणि ‘बघू बघू’ म्हणत हातातून ओढणारे पाहुणे, एवढं झाल्यावर जे उरतं ते टिकाऊ. त्यात पुन्हा भारनियमन. ते दिवस असे होते, की लाइट कधी येणार हे ज्याला ठाऊक त्याला गल्लीत मान होता.

खरेदीला औरंगाबादला गेलो. (तेव्हा नाव तेच होतं.) लेकीला बरोबर घेतलं, कारण वहीची पिशवी कुणीतरी धरायला हवी होती. दुकानातल्या पोरानं आधी ऑलिम्पसचा एक दणकट कॅमेरा काढला. दोन मीटरवरून पडला तरी चालतो, शंभर किलो वजन झेलतो, पाण्यात दहा मीटर खोल चालतो, उणे दहा अंशांत चालतो. माझ्या अंगावर काटा आला. यासाठीच तर दोन पानं लिहिली होती.

‘‘पप्पा, परभणीत उणे दहा?’’ लेक हळूच म्हणाली.

‘‘हवामान बदलायलंय.’’

‘‘आन् धा मीटर पाणी? आपल्या हिरीत धा मीटर खाली गेल्यावर पाणी लागायला सुरुवात होती.’’

शंभर किलोच्या मुद्द्यावर मात्र मी हटलो नाही. एसटीत आपण पिशवी ठेवली आणि तिकीट काढायला वळलो, तेवढ्यात त्या पिशवीवर कोण बसेल याचा भरवसा नसतो. हे मी त्या पोराला समजावून सांगत असताना त्यानं किंमत सांगितली. ती आमच्या बजेटच्या तिप्पट होती. मी म्हणालो, पिशवीवर बसणाऱ्याला आपण उठवू शकतो.

मग साधे कॅमेरे निघाले. त्यांत दोन जाती : एकांना स्वतःची चपटी बॅटरी, दुसऱ्यांना पेन्सिल सेल. इथं मी वही उघडली आणि पेन्सिल सेलवाल्याच्या बाजूनं उभा राहिलो. चपटी बॅटरी संपली आणि लाइट नसली की कॅमेरा बंद. पेन्सिल सेल धारूरच्या टपरीवरही मिळतो. कार्डाचंही तसंच. सोनीला त्यांची मेमरी स्टिक लागायची, ऑलिम्पस-फुजीला एक्सडी कार्ड, बाकीच्या बऱ्याच जणांना साधं एसडी. जे कार्ड एका कंपनीपुरतं चालतं ते आमच्या तालुक्यात मिळेल याची खात्री नाही, म्हणून एसडीच. शंभर पानी वहीतला हा एवढा एक मुद्दा पुढं खरा निघाला. मी अजूनही पाहुण्यांत तो सांगतो.

माझं हे चाललं असताना लेकीनं त्या पोराला विचारलं, ‘‘दादा, किती जवळून फोटो येतो?’’ त्यानं एका बटनावरचं फुलाचं चिन्ह दाबून दिलं. तिनं पर्समधून एक रुपया काढला, काउंटरवर ठेवला, कॅमेरा त्याच्या नाकाशी नेला. पडद्यावर सिंहाच्या आयाळीची एकेक रेघ मोजता येत होती, रुपयाच्या कडेला अडकलेली मळाची काळी रेघसुद्धा. ती म्हणाली, ‘‘ह्योच.’’ आठ मेगापिक्सल, तीन पट झूम, पेन्सिल सेल, एसडी कार्ड, किंमत बजेटच्या आत. निवड झाली होती. मी त्यानंतर पुष्कळ वेळ प्रश्न विचारत राहिलो.

‘‘हा पडला तर?’’

‘‘पाडायचा कामून, काका?’’ तो पोरगा म्हणाला.

कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. तोवर कॅमेरा ‘चाचणीसाठी’ माझ्याकडं राहील, असं मी ठरवलं. घरात कुणी विरोध केला नाही. मी विचारलंच नव्हतं.

गच्चीवरून योगेश्वरीच्या देवळाचं शिखर जवळ आणायचा बेत पहिला. तीन पटीपर्यंत भिंग पुढं सरकलं, शिखर मोठं झालं. मी बटन दाबतच राहिलो. पडद्यावर आकडा वाढत गेला, सहा, नऊ, बारा. भिंग कधीचं थांबलं होतं. पुढचं सगळं काम कॅमेरा आहे त्याच चित्राला ताणून करतो, हे मला नंतर कळलं. फोटोत नुसते करडे चौकोन आले. सौ.ला दाखवला. ‘‘हे काय?’’ म्हणाली. योगेश्वरीचं शिखर, म्हटल्यावर तिनं हात जोडले, पण शंका ठेवून.

मग सेलचं प्रकरण. टपरीवरून भिंतीच्या घड्याळात घालतात तसले स्वस्त सेल आणले. कॅमेरा चालू केला, भिंग बाहेर आलं, पडद्यावर ‘बॅटरी बदला’ अशी सूचना आली आणि कॅमेरा गेला. भिंग बाहेरच. दुसरी जोडी घातली. भिंग आत गेलं आणि पुन्हा सगळं शांत. माझ्या हिशोबानं एक जोडी भिंग बाहेर काढायला आणि एक आत न्यायला लागत होती. फोटोसाठी तिसरी घालायची तयारी होती, पण टपरीवाल्याकडचे संपले. स्टुडिओवाल्यानं समजावलं : घड्याळाला थेंब थेंब वीज लागते, कॅमेऱ्याला भिंग ढकलायला आणि फ्लॅश भरायला एकदम घोट लागतो. तो साध्या सेलला झेपत नाही. परत परत चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल घ्या. त्यांच्यावर दीड व्होल्टच्या जागी एक पूर्णांक दोन लिहिलेलं असतं, तरी तो घोट तेच देतात.

ते घेतले. चार्जर स्वस्तातला, रात्रभर लावावा लागणारा. आणि लाइट तर रात्री दोनला. त्या वेळी आमच्या भागात दोन प्रकारची माणसं अंथरुणातून उठायची : मोटार चालू करायला निघालेला शेतकरी आणि चार्जर लावायला उठलेला मी. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा बॅटरीच्या उजेडात विचारलं, ‘‘गुरुजी, तुमचं काय भिजवायचंय?’’

इथवर कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं. जे झालं ते शाळेत.

तो मी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचो, चटकन काढता यावा म्हणून. आता शिक्षकाच्या वरच्या खिशात आणखी काय असतं, हे फक्त शिक्षकाच्या घरी कपडे धुणारीला ठाऊक. खडूचे तुकडे. त्यांचा भुगा खिशाच्या तळाशी साठतो आणि धुतला तरी शिवणीत राहतोच. एके दिवशी मी मुलांच्या खिचडीचा फोटो घ्यायला कॅमेरा चालू केला. भिंग निम्मं बाहेर आलं, ‘कर्र’ असा आवाज झाला, आणि ते तिथंच थांबलं. पुढंही नाही, मागंही नाही. वाळूचा एक कण, किंवा खडूचा, त्या नळीतल्या बारीक दात्यांत बसला की एवढं पुरतं. दोन मीटरवरून पडणं, शंभर किलो वजन, उणे दहा अंश... माझ्या दोन पानांत खडू नव्हता.

कण आहे तर हवेनं उडवावा, हे कुणालाही सुचेल. मला जरा जास्त हवा सुचली. शाळा सुटल्यावर मी पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कॅमेरा उलटापालटा करून पाहिला, हवेचा पाइप हातात घेतला आणि अतिशय गांभीर्यानं विचारलं, ‘‘किती पौंड हवा मारू, गुरुजी?’’

आयुष्यभर मुलांना सांगत आलोय, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडू नका. मी म्हणालो, ‘‘मागच्या चाकाला किती मारता?’’

‘‘तीस-बत्तीस.’’

‘‘मग वीस मारा.’’

पाइपातून आधी पाणी आलं, मग तेलाचा फवारा, मग हवा. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि त्यात मशीनचं तेल मिसळतं, हे मला तेव्हा कळलं. भिंगावर इंद्रधनुष्य उमटलं. खडूचा भुगा आता कोरडा राहिला नाही. तेलात कालवून तो आतल्या दात्यांना छान लागला. पंक्चरवाल्यानं पैसे घेतले नाहीत. ‘‘चाकाचंच घेतो,’’ म्हणाला.

घरी सांगितलं, कॅमेरा सर्व्हिसिंगला दिलाय. ‘‘नवा?’’ सौ.नं विचारलं. पहिली सर्व्हिसिंग फुकट असते, असं मी म्हणालो. लेकीनं माझ्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग पाहिला आणि बादलीत साबणाचा चुरा टाकला.

स्टुडिओवाल्यानं तो सोनाराच्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडला. तिळाएवढे स्क्रू त्यानं ताटलीत उघडण्याच्या क्रमानं मांडले, नळी वेगळी केली, स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक दाता पुसला. बोळा पांढरा-काळा झाला. मी बाजूला बसून श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. कॅमेरा चालू झाला, भिंग सुरळीत आत-बाहेर झालं. तो म्हणाला, ‘‘ह्याला चेनची पिशवी घ्या. आन् ह्यो पोरीच्या हातात द्या, आजच.’’

आज देणं काही जमलं नाही. सगळं नीट चालतंय की नाही, ही खातरजमा माझ्यावर होती. कार्ड तेव्हा नेट कॅफेत विसरलेलं. मला वाटलं, कार्डाशिवाय फोटो निघणारच नाहीत, तर नुसता खटका मारून बघावा. रात्री आरशासमोर बसलो, फुलाचं चिन्ह दाबलं, आणि कॅमेरा ओठांजवळ आणून मिशीवर खटका मारला. कलप लावून पंधरवडा उलटला होता; मिशीचे शेंडे काळेभोर, बुडखे पांढरेधोप. मग उजव्या कानातल्या केसांवर एक. कॅमेऱ्याच्या पोटात त्याची स्वतःची थोडीशी मेमरी असते आणि कार्ड नसलं की फोटो तिथं जाऊन बसतो, हे माहितीपत्रकात होतं. माहितीपत्रक मी पाठीमागच्या बाजूनं वाचायला घेतलं होतं, वॉरंटीपासून.

लेक परभणीला गेली. कॅमेऱ्यानं तिला त्रास दिला नाही. चेनच्या पिशवीत तो तुरीत हिंडला, सोयाबीनमध्ये हिंडला. पिठ्या ढेकूण, तुडतुडे, तांबेरा, भुरी, सगळ्यांची तिनं हजेरी लावली. मी फोनवर विचारायचो, किती मेगापिक्सलवर काढतेस? ती म्हणायची, ‘‘पप्पा, जेवलात का?’’

पुढच्या वर्षी वर्गात तिचा सेमिनार होता, कापूस आणि सूर्यफुलावरच्या किडींवर. पिवळी-पांढरी वायर टीव्हीला जोडून फोटो दाखवायचे. कार्ड मैत्रिणीच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलेलं. तिला ते ठाऊक नव्हतं. बटन दाबलं, आणि कार्ड नाही म्हटल्यावर कॅमेऱ्यानं पोटात होतं ते बाहेर काढलं.

दिवाळीला आली तेव्हा तिनं हे आईला सांगितलं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो, पण भिंत आमच्याकडं विटेची एकेरी आहे. टीव्हीवर आधी मिशी आली. मग कान. एकेक केस वेगळा, बुडखा पांढरा, शेंडा काळा, मागं गुलाबी त्वचा. स्पष्टपणात खोट काढायला जागा नव्हती. वर्ग गप्प. सर चष्मा लावून टीव्हीच्या जवळ गेले, बराच वेळ बघत राहिले.

‘‘केसाळ अळी दिसतेय,’’ ते म्हणाले. ‘‘पण ही जात मी पाहिलेली नाही. यजमान वनस्पती कोणती?’’

‘‘सर, आमचे पप्पा.’’